समुद्रघोड्यांची थंड खोली

त्या घरात पाऊल टाकलं की आधी वास अंगावर यायचा. मासळीच्या वासाचं रुख्माला काही नव्हतं. बोदलकशाच्या तलावाकाठी तिचं आयुष्य गेलं होतं आणि तळ्यातली मासोळी तिनं जन्मभर स्वतः साफ करून चुलीवर चढवली होती. हा वास निराळा होता. खारट, शिळा, ओलं फडकं तीन दिवस बादलीत पडून राहावं तसा. तो नाकात शिरायचा आणि चहाच्या घोटाबरोबर पोटात उतरायचा. सून टीना मात्र म्हणायची, "समुद्राचा फील येते, मम्मीजी." समुद्रापासून शेकडो कोसांवर, फुलचूरमध्ये बसून समुद्राचा फील. रुख्मानं पदर नाकाला लावला तो लावलाच.

श्यामलालला लकवा मारला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हा प्रफुल स्वतः गाडी घेऊन गावी आला होता. चार लोकांदेखत म्हणाला होता, "बाबाले एसीच्या खोलीत ठेवतो. उन्हाळा कसा गेला ते समजणार बी नाही." त्याचं खता-बियाण्याचं दुकान चांगलं चाललं होतं, हाती पैसा खेळत होता. गावानं मान डोलावली. पोरगा असावा तर असा, असं शेजारचा उदारामही म्हणाला. रुख्मानं घराला कुलूप लावलं, शेत बटईनं कसायला दिलं आणि नवऱ्याचं गाठोडं बांधून लेकामागे आली.

एसीची खोली होती, यात खोटं काही नव्हतं. पण ती आधीच दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवली होती.

प्रफुलनं कुणा राइस मिलवाल्याच्या बंगल्यात समुद्रघोडे पाहिले आणि तो पार बिघडला. भिंतीएवढी काचेची टाकी आणली. तिच्यात पांढरी वाळू, दगड, प्लास्टिकची झाडं, बुडबुडे काढणारी यंत्रं. पाणी भरलं आणि महिनाभर त्या नुसत्या पाण्याला एसी लावून ठेवला. पाणी 'तयार' व्हावं लागतं म्हणे. बाप बाजूच्या खोलीत कूलरसमोर घामानं भिजत होता आणि इकडे रिकामं पाणी थंडगार पडून तयार होत होतं. मग एके दिवशी थर्माकोलच्या डब्यातून ते दोघे आले. कुठून आले ते बोलायचं नव्हतं, कारण असले जीव घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. वाकडी मान, नळीसारखं थोबाड, पोट पुढे काढलेलं. शेपटीनं प्लास्टिकच्या काडीला धरून दिवसभर लटकायचे. याच्यापेक्षा आपला तळ्यातला खेकडा देखणा, असं रुख्माचं मत झालं आणि ते तिनं लपवलं नाही.

त्यांच्या खाण्याचा थाट तर निराळाच. बर्फातले झिंगे फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याला लागून ठेवलेले. ते खिरीच्या वाटीत वितळवायचे, आणि मग हा बाप्या माणूस, ज्यानं बापाला एकदाही पेजेचा चमचा लावला नव्हता, एकेक झिंगा लांब नळीत धरून त्या थोबाडांपुढे न्यायचा. "खाय ना बेटा, खाय," म्हणायचा. बेटा. रुख्मा दारातून बघायची आणि तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं.

एकदा तिनं सरळच विचारलं. "प्रफुल, बाबाची खाट या खोलीत काऊन नाही टाकत? जागा तं हाये."

"माय, तुले समजत नाही. दार उघडबंद झालं का पाणी गरम होते. पाणी गरम झालं का ते मरतेत. अन् बाबा खोकलतेत, त्यायले डर लागते."

"बापाच्या खोकल्याची?"

"थोडा उन्हाळा जाऊ दे. मंग पाहू."

उन्हाळा गेल्यावर एसी कायले पाहिजे, हे तिनं विचारलं नाही. श्यामलालच्या पाठीला घामोळं फुटलं होतं, त्याचे आता फोड झाले होते. ती ओल्या फडक्यानं पाठ टिपत बसली. तो डाव्या हातानं तिचा हात थोपटत होता, जणू तिचंच काही दुखत होतं.

अक्षय तृतीया आली. पितरांना नवी घागर भरून पाणी द्यायचा दिवस. वर्षातून एकदा मेलेल्यांची तहान भागवायची, तीही उन्हाच्या ऐन तडाख्यात, म्हणून पाणी थंड हवं, स्वच्छ हवं, असा तिच्या सासूचा दंडक होता. रुख्मानं कुंभाराकडून घागर आणवली. पण बोअरच्या नळाला हात लावला तर गच्चीवर तापून आलेलं पाणी चटका देणारं. फिल्टरचं विचारलं तर टीना म्हणाली, "फिल्टरचं पानी तर सब ड्रम में जाते, मम्मीजी. हे भरत राहतेत ना रोज."

ड्रम त्या थंड खोलीतच होता. प्रफुल फिल्टरची नळी त्याच्यात सोडून ठेवतो, हे रुख्मानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तो दुकानात गेला होता. तिनं झाकण काढलं. पाणी नितळ होतं, हात घातला तर विहिरीच्या तळासारखं गार. फिल्टरचं पाणी, गार पाणी. पितरांना आणखी काय पाहिजे? तिनं घागर भरून घेतली. सणाच्या दिवशी भांडं उणं ठेवू नये म्हणून नळाच्या दोन बादल्या ड्रममध्ये ओतून तो पुन्हा काठोकाठ केला.

तांदळाच्या राशीवर घागर ठेवली, वर आंबा ठेवला. सासऱ्यांचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, पाळण्यातच गेलेल्या आपल्या पहिल्या पोरीचंही हळूच घेतलं. मग घागरीतून पहिला गडवा भरून श्यामलालकडे नेला.

एक घोट घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं. मान फिरवली. रुख्माला वाटलं, उन्हानं जीव नकोसा झालाय. तिनं त्याची हनुवटी धरली. "घ्या जी. पितरायचं हाये, नाही म्हणू नोका." तो तिच्याकडे बघत राहिला. बोलता येत असतं तर बोलला असता. मग डोळे मिटून, तिच्या शब्दाखातर, त्यानं अख्खा गडवा संपवला. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. उरलेला थेंब रुख्मानं तीर्थासारखा स्वतःच्या जिभेवर घेतला आणि जागच्या जागी थुंकली.

मीठ. निव्वळ मीठ. पितरांना मीठ, पोरीला मीठ, आणि या मुक्या माणसाला तिनं स्वतःच्या हातानं, हनुवटी धरून पाजलेलं मीठ. तिला स्वतःच्या हाताची किळस आली.

थोड्या वेळात श्यामलाल ओकू लागला. टीनानं दुकानात फोन लावला. प्रफुल धावतच आला, आणि रुख्माला क्षणभर बरं वाटलं. तो दारातच थांबला.

"माय, ड्रमातलं किती पाणी काढलं तुनं?"

"बाबा ओकून राहिलेत."

"वरतून नळाचं टाकलं का? टाकीसाठी मी त्याच्यात समुद्राचं मीठ मोजून टाकलं होतं. आता सारा हिसाब बिघडला."

आणि तो त्या खोलीत गेला. ड्रममध्ये मीठ मोजायची काचेची कांडी बुडवून बघू लागला. ज्यानं ते जीव विकले त्याला फोन लावून पाण्याबद्दल विचारू लागला. भिंतीपलीकडे बाप ओकत होता आणि हा पाण्याच्या तब्येतीची चौकशी करत होता. टाकीचा इतके दिवस नाकात बसलेला वास नेमका कशाचा होता, ते रुख्माला त्या घडीला कळलं. तो मासळीचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. तिच्या पोटच्या पोराच्या अंगाला तो येत होता.

तिनं नवऱ्याचं तोंड धुतलं, सदरा बदलला. साखरपाणी पाजून तो जरा निवल्यावर दोघींनी त्याची चाकांची खाट ढकलली. टीनानंही, कशी कोण जाणे, हात लावला. फोनवर बोलता यावं म्हणून प्रफुल अंगणात गेला होता. खाट खोलीत शिरली, टीना बाहेर पडली, आणि रुख्मानं आतून कडी लावली.

गार हवेत श्यामलालच्या कपाळावरचा घाम सुकला. उन्हाळा लागल्यापासून पहिल्यांदा.

दार वाजलं. "माय, दार उघड. चार वाजता त्यायले खाऊ घालाचं हाये."

"बाबाची तब्येत कशी हाये, ते विचार आधी."

बाहेरून आवाज आला, टोलनाक्यावर पावती फाडावी तसा. "कशी हाये?"

ऐकून तिचा जीव जास्तच विटला. मागून घ्यावी लागलेली ती चौकशी तिला त्या मिठाच्या पाण्याहून खारट लागली.

खाटेवर हालचाल झाली. श्यामलालनं डावा हात उचलून टाकीकडे दाखवलं, मग खिरीच्या वाटीकडे, तिथं प्रफुलनं काढून ठेवलेले झिंगे वितळत पडले होते. रुख्मा समजली आणि संतापली. जन्मभर यानं बैलांपुढे वैरण पडल्याशिवाय स्वतः भाकर मोडली नव्हती. "तुमाले पाठीवर फोड आले यायच्यापायी," ती म्हणाली. त्याचा हात खाली आला नाही.

मग ती उठली. नाकाला पदर लावून, ओठ मुडपून, चिमटीत एकेक बुळबुळीत झिंगा धरून त्या वाकड्या थोबाडांपुढे नेऊ लागली. दोघांनी खाल्ल्यावरच श्यामलालनं हात खाली घेतला आणि डोळे मिटले. तिनं बोटं पदराला पुसली, पुन्हा पुसली. वास गेला नाही.

दार वाजत होतं. ते तिनं उघडलं नाही.