नवरदेवाच्या हातातली कट्यार

छापलेला कागद दिसला की उकंडरावांचे पाय आपोआप थांबत. लहानपणापासूनची खोड होती ती, आणि तिच्यावर इलाज नव्हता. पुडीचा कागद असो की पंचांगातली जाहिरात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मधलं काही गाळणं त्यांना चोरीसारखं वाटे. सन एकेचाळीसच्या वैशाखात, सख्ख्या भाच्याच्या लग्नाला जाताना, ही खोड सगळ्या वऱ्हाडाला भोवली.

जऊळक्याहून आदल्या दिवशी निघालेल्या सहा बैलगाड्या मंगरूळपीरच्या वेशीवरच्या पोलीस चौकीपाशी आल्या, तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. नवरीचं गाव तिथून दोन कोस पुढे, आणि लग्न गोरज मुहूर्तावर. बैलांना पाणी पाजायला गाड्या थांबल्या. पहिल्या गाडीत नवरदेव रामकिसन बसला होता. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, हातात कट्यार आणि कट्यारीच्या टोकाला लिंबू. हळद लागल्यापासून लग्न लागेपर्यंत नवरदेवाच्या हातून ते लोखंड सुटू द्यायचं नाही, सुटलं तर वाटेवरचं काहीबाही त्याला धरतं, अशी त्या घरातली रीत. रामकिसन दोन रात्री कट्यार मुठीत धरूनच झोपला होता आणि त्याची बोटं आखडली होती.

चौकीच्या भिंतीवर एक छापील हुकूम चिकटवलेला होता. उकंडराव थांबले.

"वाचता येते काय तुमाले?" चौकीतला शिपाई उदयसिंग बाहेर येत म्हणाला. "मंग वाचा ना जरा मोठ्यानं. चार दिवस झाले लावून, मले कोनी वाचूनच नाई दाखवला."

चारचौघांत बोलायची उकंडरावांना भीती वाटे. वाचायची मात्र नाही. त्यांनी घसा खाकरला.

"तमाम लोकांस कळविण्यात येते की, बाजारात झालेल्या दंग्यामुळे, शेतीची अवजारे वगळून, कोणाही इसमाने परवान्याशिवाय रस्त्यावर तलवार, भाला, गुप्ती, जंबिया, कट्यार..."

ते थांबले. पण शब्द तोंडातून निघून गेला होता. उदयसिंगानं सावकाश मान वळवून पहिल्या गाडीकडे पाहिलं.

"कट्यार म्हनलं ना तुमी?"

"एक शब्द गिळता नाई आला तुले, उकंड्या?" गाडीतून कस्तुराबाईंचा आवाज आला. ही उकंडरावांची थोरली बहीण, नवरदेवाची आई.

"छापलेला होता, बाई."

"छापलेला होता म्हन्ते! उद्या कोनी तुह्या मरनाची चिठ्ठी छापली तं तेबी वाचून दाखवशील!"

उदयसिंग गाडीजवळ गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं कट्यारीकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. "परवाना हाय काय?"

"नवरदेवाले परवाना कायचा?" कस्तुराबाई खाली उतरल्या. "गाडीत चार कुऱ्हाडी हायेत. त्या नाई दिसल्या तुले?"

"त्या शेतीच्या. आताच मामांनी वाचलं."

"बापा, त्या कुऱ्हाडीनं मानसाचं मुंडकं उडते! अना ह्या कट्यारीनं लोनी नाई कापल्या जात. लिंबाले आरीनं भोक पाडलं, तवा कुठी टोचलं!"

"मले पटते, माय. पन ठाऊक नव्हतं तवर गोष्ट अलग होती. आता मले ठाऊक झालं. सोडलं तं माही नोकरी जाईन."

"मग कुऱ्हाड धरून बस ना, रामकिसन," उकंडराव हळूच म्हणाले.

सगळ्या वऱ्हाडानं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी जीभ चावली. हळदीचं लोखंड बदलत नसतं, हे त्यांना पोरवयापासून माहीत होतं. शेवटी, वाचता येतं त्यानंच परवाना आणावा असं ठरलं आणि उकंडरावांना तहसील कचेरीत पिटाळलं गेलं.

कचेरीतला कारकून पान चघळत होता. त्यानं अर्जाचा कोरा कागद पुढे ओढला.

"हत्यार बाळगण्याचं कारण?"

"स्वसंरक्षण," उकंडराव म्हणाले. हा शब्द त्यांना वेळेवर आठवला याचं त्यांनाच नवल वाटलं.

"कोणापासून?"

"म्हणजे... वाटेवर काही असतं ना. भूतबाधा वगैरे."

"त्याला रकाना नाही. इथे दोनच रकाने आहेत, जनावर आणि इसम."

"मग जनावर लिहा."

"भरवस्तीतल्या रस्त्यावर कोणतं जनावर?"

"तर मग इसम."

"इसमाचं नाव, गाव, आणि त्यानं धमकी दिल्याची फिर्याद जोडा."

"कोणी धमकी दिलेलीच नाही हो!"

"मग संरक्षण कशाला?" कारकुनानं पान दुसऱ्या गालात सरकवलं. "शिवाय हत्यार तपासणीला इथे आणावं लागेल."

"ते इथवर आणायला परवाना लागेल ना?"

"अर्थातच."

उकंडरावांनी आयुष्यात कोणावर आवाज चढवला नव्हता. त्यांना आता चढवावासा वाटला, पण कसा चढवायचा तेच सुचेना. ते तसेच परतले.

वेशीवर सावल्या लांबल्या होत्या. दुसरा शिपाई पाळीवर आला होता, तरी उदयसिंग गाडीजवळच उभा होता. दोघांच्या पत्रिका पाहता त्या मुहूर्तानंतर थेट मार्गशीर्षापर्यंत लग्न धरता येणार नव्हतं, आणि नवरीचा बाप रामराव तोवर थांबणाऱ्यातला नव्हता. रामकिसन रडकुंडीला आला होता. "मामाजी, झालं काय?" त्यानं विचारलं. उकंडरावांनी मान हलवली आणि त्याच्याकडे बघवेना म्हणून ते भिंतीकडे वळले. हुकूम अर्धाच वाचून झाला होता, तेही मघापासून सलत होतं. त्यांनी उरलेला वाचला. शेवटची ओळ होती: कामावरील पोलीस शिपायांस हा हुकूम लागू नाही.

त्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली, निव्वळ चिडून. कस्तुराबाई मात्र ताडकन उठल्या.

"उदयसिंग, तू कट्यार जप्त करशील ना?"

"करावीच लागते."

"जप्त केलेला माल नजरेआड करता येते काय?"

"नाई, माय."

"मंग तू मूठ धर, अना माह्या पोराचा हात बी तिथीच राहू दे. माल तुह्या ताब्यात, लोखंड त्याच्या हातात. चाल मालासंग!"

उदयसिंगानं बराच वेळ विचार केला. यात कायदा कुठे मोडतो ते त्याला सापडेना. तो गाडीत चढला.

गाड्या पळवत वऱ्हाड नवरीच्या गावात शिरलं, तेव्हा सूर्य टेकायला आला होता. वाजंत्री वाजायला लागली आणि एकदम थांबली. मांडवाच्या दारात रामराव उभे होते. नवरदेवाची मूठ खाकी कपड्यातल्या शिपायानं गच्च धरलेली त्यांनी पाहिली.

"पकडून आनला काय नवरदेव?" रामराव ओरडले. "काय केलं ह्यानं? माही पोरगी कैद्याले देऊ?"

कस्तुराबाई काही बोलणार, तोच रामराव म्हणाले, "तुमी नोका बोलू. तुमी त्याची माय. वाचनारा मानूस बोलू द्या. मामाजी, खरं सांगा."

सगळा मांडव उकंडरावांकडे पाहू लागला. खरं सांगायचं तर 'तमाम लोकांस'पासून सुरुवात करावी लागणार. दंगा येणार, परवाना येणार आणि शेवटी बेकायदा हत्यारही येणार. तेवढ्यात सूर्य बुडणार. उकंडरावांनी रामकिसनची आखडलेली बोटं पाहिली. आणि त्यांनी गाळलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं गाळलं.

"सरकारी मान आहे," ते म्हणाले. आवाज कापत होता, पण शब्द बाहेर आले. "आमच्या नवरदेवाले सरकारनं मानाचा शिपाई देल्ला आहे."

उदयसिंगानं छाती काढली. रामरावांनी त्याच्या पट्ट्याच्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग गावकऱ्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरी आणि दुसऱ्या बाजूला नवरदेव व शिपाई असे तिघं उभे राहिले, आणि मुहूर्त साधला.

पंगतीत उकंडरावांनी पहिला घास उचलला, तोच रामराव शेजारी येऊन बसले.

"मामाजी, धाकटीचं लगन मार्गशीर्षात धरलं. तिच्या नवरदेवालेबी मानाचा शिपाई पायजे. नाई तं लोक म्हन्तीन, थोरलीले देल्ला अना धाकटीले नाई. अर्ज तुमीच लिवून द्या."

"लिवा, मामा, लिवा," समोरून उदयसिंग बुंदी खात म्हणाला. "मी येतो ना."

उकंडरावांनी घास परत पानात ठेवला. "अन् अर्जात कारण काय लिहू?"

"कारन?" रामराव हसले. "आता ह्या येळी काय लिवलं होतं, तेच लिवा."