न नेलेला पुरस्कार

व्यंकटराव चारठाणकरांना सिनेमाचं वेड म्हणाल तर शून्य. तरी गेली चोवीस वर्षं शहराच्या चित्रपट महोत्सवाच्या पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा चढवून पूर्णेहून सकाळची गाडी धरत आणि परभणीच्या नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत जाऊन बसत. दीपप्रज्वलन व्हायचं, पाहुण्यांचं शाल-श्रीफळ व्हायचं, आणि मग महोत्सवाची जुनी प्रथा पार पडायची. पहिल्या वर्षीचा उत्कृष्ट लघुपटाचा पुरस्कार कोणी नेलाच नव्हता. तेव्हाचे अध्यक्ष मोठे हट्टी. पुरस्कार पोस्टानं जाणार नाही, ज्याचा त्यानं येऊन न्यावा, तोवर दरवर्षी नाव पुकारायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. अध्यक्ष वारले, प्रथा राहिली.

"नचिकेत चारठाणकर उपस्थित असल्यास त्यांनी मंचावर यावं."

लोक मागं वळून बघायचे, कोणीतरी फिदीफिदी हसायचं. व्यंकटराव तेवढं ऐकून उठायचे आणि थेट स्टेशन गाठायचे.

कारण घरात त्या नावाला बंदी होती, आणि बंदी घालणारे तेच. पूर्णा जंक्शनवर ते गाड्यांच्या घोषणा करायचे. पोरानं रेल्वेची चालून आलेली नोकरी लाथाडली आणि उसना कॅमेरा घेऊन सिनेमा काढला, तेव्हा त्यांचं डोकं फिरलं. "आजपासून या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही!" दुसऱ्या दिवशी नचिकेत निघून गेला. त्याची गाडी सुटत असल्याची घोषणा व्यंकटरावांनीच केली, खणखणीत आवाजात, कुठंही न अडखळता. महिन्याभरानं त्याला पुरस्कार जाहीर झाला, पण पोराचा ठावठिकाणा काही लागला नाही.

बायकोनं, पद्मजाबाईंनी, नवऱ्याचा शब्द तंतोतंत पाळला. तोवर व्यंकटराव त्यांना 'नचिकेतची आई' म्हणून हाक मारायचे. आता नुसतं 'ऐकलं का' उरलं. रागाच्या भरात गेलेला शब्द मागं घ्यायची छाती मात्र या गृहस्थांना कधी झाली नाही. वर्षातून एकदा, परक्याच्या तोंडून का होईना, पोराचं नाव कानावर पडायचं. तेवढ्यावर ते वर्ष काढायचे.

यंदा महोत्सवाचं पंचविसावं वर्ष. सचिव निकिता, तरुण आणि कामाला वाघीण, दारातच भेटली.

"काका, तुमी दरवर्षी ते नाव ऐकून उठता, म्हणून सांगते. यंदापासून ते पुकारणं बंद. स्मरणिकेत सगळा इतिहास छापलाय, पंचवीस वर्षांचे पुरस्कार एकाखाली एक. त्यात आलंय ते."

तिनं उघडून दिलेल्या पानावर पहिल्याच ओळीत नाव होतं. पुढं बारीक अक्षरांत, 'स्वीकारला नाही'.

"बंद कशामुळं?"

"लोक हसायलेत हो. घरचं कोणी असतं तर देऊन तरी टाकला असता."

व्यंकटरावांनी स्मरणिका मिटली. ते म्हणाले, "बाप आहे मी त्याचा."

"मग तुमीच घ्या की, काका! सन्मानानं देऊ."

"नको पोरी. मी घेतला की संपलंच सगळं. तेवढं नाव पुकारा. मला लय ऐकू वाटायलंय."

ती आत जाऊन मंडळींशी बोलून आली. "पुकारू. पण यंदा तुमी स्वतः पुकारा."

दीपप्रज्वलन झाल्यावर व्यंकटराव मंचावर गेले. माईकपुढं उभं राहायची सवय होती. "कृपया लक्ष द्या," एवढं आपोआप आलं. पुढचं नाव काही येईना. चोवीस वर्षं ते ओठांवर आलंच नव्हतं. हजारो गाड्यांची नावं घेतलेला तो माणूस घसा खाकरत उभा राहिला.

"नचिकेत," ते शेवटी म्हणाले. "नचिकेत, असशील तर ये बाबा. माझं चुकलं."

कोणी हसलं नाही. मंचावर कोणी आलंही नाही. पुरस्कार पुन्हा कपाटात गेला.

दुपारी ते घरी पोचले. पद्मजाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या, दाराकडं पाठ करून. चपला न काढताच व्यंकटराव उंबऱ्यात थांबले.

"नचिकेतची आई."

पद्मजाबाईंचा हात जागच्या जागी थांबला. मान वळवली नाही.

"पुन्हा एकदा म्हणा," त्या म्हणाल्या.