न्यूट्रलमधली थरथर

यानिनाने लॅपटॉपच्या पडद्यावरची सरकती खूण जराशी वर ओढली, तसा वडिलांच्या सीटखालचा कंपक घसा खाकरल्यासारखा गुरगुरला आणि इस्त्रीच्या टेबलावरची चिमट्यांची टोपली हळूहळू कडेकडे चालू लागली.

"पहिलं बरं, की दुसरं?"

देल्फोर पानियाग्वा डोळे मिटून बसले होते. मांडीत 'माते' नावाच्या कडवट चहाचा पोखरलेला भोपळा होता आणि त्यात खोचलेली नळी त्यांच्या हनुवटीला टेकून बारीक कापत होती.

"दुसरं," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, "पहिलं परत दाखव."

"आत्ता दाखवलं तेच पहिलं होतं."

"मग कुठलंच नाही."

यानिना सान इलारियो गावातल्या एकुलत्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर माणसांच्या नाकापुढे भिंगं बदलत हाच प्रश्न विचारायचा आणि घरी येऊन धुण्याच्या खोलीत वडिलांच्या बुडाला तोच विचारायचा, असं महिनाभर चाललं होतं. बुडाला चष्मा लागत असता तर तिने एव्हाना तो बनवूनही दिला असता.

खरं तर हा सगळा सांगाडा तिने स्वतःसाठी बांधला होता. दर गुरुवारी ती घरबसल्या, इंटरनेटवरून, कोर्दोबा आणि रोसारियोच्या अनोळखी माणसांशी गाड्यांच्या शर्यती लावायची. ॲल्युमिनियमचे दांडे, स्टिअरिंग, पेडल, समोर तीन पडदे आणि दांड्यांना घट्ट बोल्टने आवळलेले चार कंपक. कंपक म्हणजे तोंड नसलेला स्पीकर. बोलत काही नाही, नुसता हलतो. पहिल्या दिवशी तिने सगळे परिणाम एकदम चालू केले: इंजिन, गिअरचा झटका, घसरणारं चाक, वळणावरची लाल-पांढरी कड. चारही कंपक एकाच वेळी बोलायला लागले आणि कोणाचंच काही कळेना, रविवारच्या जेवणासारखं. मग तिने एकेकाला गप्प केलं. इंजिन जवळजवळ बंदच केलं, कारण ते सतत चालू असतं आणि दुसऱ्या कोणाला बोलूच देत नाही. घसरणं मागच्या दोघांकडे सोपवलं. डावी कड डावीकडे, उजवी उजवीकडे. सांगाड्याखाली रबराचे पाय लावले, नाहीतर स्वयंपाकघरातल्या कपाटात पेले एकमेकांना भेटायला जायचे.

"आपलं जुनं धुण्याचं मशीन असंच हलायचं," आई नील्दा दारातून म्हणाली होती. "ते आपण फेकून दिलं."

मग यानिनाच्या गुरुवारच्या गटातल्या कोणीतरी प्रांतातल्या जुन्या शर्यतींच्या गाड्या संगणकात हुबेहूब उतरवल्या. त्यांत एक निळी गाडी होती, दारावर सत्तेचाळीस नंबर. ती दाखवायला यानिनाने वडिलांना बोलावलं. देल्फोरनी दांड्यावर तळहात ठेवला, डॉक्टर पोटावर ठेवतात तसा.

"गाडी मेलेली आहे," ते म्हणाले.

"चालू आहे, बाबा."

"चालू आहे. पण मेलेली आहे. गिअरबॉक्स कुठाय?"

त्या निळ्या गाडीत देल्फोर सोबती होते. त्या काळी प्रत्येक गाडीत चालकाच्या उजव्या हाताला एक सोबती बसायचा. तो काट्यांवर नजर ठेवायचा, टायरचा वास घ्यायचा, मागून कोण येतंय ते बघायचा. त्या गोंगाटात बोलणं ऐकूच येत नसे, म्हणून चालकाच्या गुडघ्यावर थापा मारून सांगायचं. एक थाप म्हणजे मागे कोणीतरी चिकटलंय. दोन म्हणजे मागे कोणी नाही, बिनधास्त जा.

चालक होते ओरेस्ते बेर्तोलाची. गाव त्यांना 'थंडगार' म्हणायचं. सुरुवातीच्या रांगेत बाकीचे घामाने निथळत असताना ओरेस्ते हेल्मेटच्या आत जांभया देतात, अशी ख्याती होती. यानिनाच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर घेतलं तेही त्यांनीच, आणि पाद्री सांगायचा, की बाळ रडलं पण ओरेस्तेंच्या डोळ्याची पापणीही लवली नाही.

आणि देल्फोरना गाव 'गिअरबॉक्स' म्हणायचं. कारण दर शर्यतीला, सुरुवातीचे लाल दिवे विझायच्या आधी, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना, देल्फोरना आपल्या डाव्या अंगाला एक थरथर जाणवायची. गाडी सुटली की ती गायब. म्हणजे दोष गिअरबॉक्सचाच, दुसरं काय असणार? मेकॅनिकने तो पुन्हापुन्हा खोलला. आत जे असायला हवं ते सगळं होतं. शेवटी एका रविवारी ओरेस्तेंना पहिल्यांदाच पहिल्या रांगेतली जागा मिळाली आणि त्याच दिवशी ती थरथर इतकी वाढली, की देल्फोरनी खिडकीतून हात वर केला. सोबत्याने हात वर केला तर गाडी रांगेतून काढावी लागते, तो नियमच. ढकलत बाजूला नेली, गिअरबॉक्स खोलला. काही नव्हतं. पलीकडून बाकीच्या गाड्या सुटल्याचा आवाज आला.

ओरेस्ते एवढंच म्हणाले, की थरथर नव्हती. पुढच्या शर्यतीत उजव्या सीटवर त्यांचा मेव्हणा होता. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. ओरेस्ते दर नाताळाला यानिनासाठी गोड पाव पाठवायचे, तोही बेकरीवाल्याच्या हाती. पुढे नियम बदलला आणि सगळ्याच गाड्यांतून सोबत्याची जागा काढून टाकली. देल्फोर ही बातमी वाचून म्हणाले होते, "मला काढायला एवढं करायची गरज नव्हती."

म्हणजे आता धुण्याच्या खोलीत जे चाललं होतं, ते यानिनाच्या शर्यतींसाठी नव्हतंच. एकदा तरी ती थरथर जशीच्या तशी उभी करायची आणि कोणीतरी म्हणायचं, की हो, होती. म्हातारा वेडा नव्हता. देल्फोरना एवढंच हवं होतं. ते हे बोलले नव्हते. ते फक्त रोज सहाच्या सुमाराला किटली घेऊन येऊन बसायचे.

चालकाच्या जागेवर बसायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला. हात कुठे ठेवायचे ते कळेना. शेवटी स्टिअरिंगवर किटली टेकवली. तेव्हा यानिनाने उजवीकडे दुसरी सीट बसवायचं ठरवलं. खरी जुनी सीट परसात पडलेली होती आणि तिच्यावर आईची तांबडी कोंबडी अंडी घालायची. कोंबडीला समजावणं सर्वांत अवघड गेलं.

"आता डावीकडे कोणी नाही," सीटवर बसताच देल्फोर म्हणाले. "सांगाडा हलका लागतोय. माणूस पाहिजे."

"मी बसते."

"तुझं वजन कितीसं? ओरेस्ते तेव्हाही बैल होता."

यानिनाने चालकाच्या सीटवर बटाट्यांची दोन पोती ठेवली, पट्टा लावला आणि थरथर पुन्हा सुरू केली.

"बटाटे बरे बसलेत," देल्फोर म्हणाले. "ओरेस्तेपेक्षा सरळ बसलेत. पण हे ते नाही. तुझी थरथर फार नेटकी आहे, पोरी. शिवणाच्या मशीनसारखी. ती तशी नव्हती. ती मध्येच थांबायची, म्हणजे कोणी ऐकत तर नाही ना असं बघायची, आणि परत सुरू व्हायची."

"गिअरबॉक्स कशाला बघेल?"

"तेच तर मी इतकी वर्षं विचारतोय."

त्याच आठवड्यात ओरेस्ते बेर्तोलाची दुकानात नवा चष्मा घ्यायला आले. यानिनाने तो त्यांच्या कानांवर बसवला आणि दांड्या वाकवून सारख्या केल्या. आरशात स्वतःकडे बघत त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं,

"लोक म्हणतात, तुझ्या बापाने घरात गिअरबॉक्स बसवलाय."

"बसवतोय, काका. जमत नाहीये. सध्या बटाटे चालवतायत."

"कुठल्या गाडीत?"

"सत्तेचाळीस नंबर."

ओरेस्तेंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तो स्वच्छच होता.

"बटाट्यांना ती गाडी जमणार नाही," ते म्हणाले. "ती डावीकडे ओढायची."

रविवारी, गावाची दुपारची झोप अजून पुरती उतरली नव्हती, तेव्हा ते दारात उभे होते. हातात बेकरीतलं पुडकं. नील्दाने दार उघडलं, पुडक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "या वेळी स्वतःच आणलंत? बेकरीवाला आजारी आहे का?"

धुण्याच्या खोलीत देल्फोर आपल्या सीटवर होते. उठले नाहीत.

"जाड झालास," ते म्हणाले.

"तू म्हातारा झालास."

"तुझी जागा बटाट्यांनी ऊबदार ठेवलीय. बस."

ओरेस्ते आत शिरले, म्हणजे सांगाड्याने त्यांना थोडं थोडं करत आत घेतलं. बसताच चार दांडे कुरकुरले. देल्फोरनी डोळे मिटले आणि मान हलवली.

"वजन बरोबर आहे."

यानिना दोघांच्या मागे, बाजूच्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसली. तिथून तिला खुणाही दिसत होत्या आणि त्या दोघांचे पायही. आधी तिने गाडी रिकाम्या मैदानात उभी केली, आजूबाजूला कोणी नाही, आणि महिनाभर घासूनपुसून तयार केलेली थरथर सुरू केली.

"हे पहिलं."

"नाही," देल्फोर म्हणाले. "शिवणाचं मशीन."

"मला तर काहीच ओळखीचं वाटत नाही," ओरेस्ते म्हणाले. "मी तेव्हाही म्हणालो होतो. थरथर नव्हती."

मातेच्या भोपळ्यातलं पाणी संपलं होतं तरी देल्फोरनी नळी ओढली, तिचा रिकामा आवाज झाला.

डोळे तपासताना यानिना कधीकधी भिंग न घालताच विचारायची, आता कसं दिसतं? माणूस खरं सांगतोय की तिला बरं वाटावं म्हणून सांगतोय, ते त्यावरून कळायचं. तिने थरथरीची खूण पार तळाशी नेली. शून्य. इंजिनही बंद केलं, रस्ताही. चारही कंपक मुके झाले. मग रिकामं मैदान काढून तिने खरी शर्यत लावली. पडद्यावर सुरुवातीची रांग आली. निळी गाडी पहिल्या रांगेत. आरशात मागच्या गाड्यांचे दिवे, एकामागे एक. वर लाल दिवे लागले आणि ते विझायला वेळ लावू लागले, नेहमी लावतात तसा.

"हे दुसरं," ती म्हणाली.

देल्फोरनी डोळे उघडले.

"हेच."

"बाबा, नीट सांगा."

"हेच ते. डावीकडून येतंय. बघ, थांबलं. बघ, परत. पोरी, हात लावू नकोस आता कशाला."

यानिनाने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. शून्य. ॲम्प्लिफायरकडे पाहिलं, त्याचा हिरवा दिवा निवांत होता. मग तिने खाली पाहिलं. ओरेस्तेंचा उजवा पाय ब्रेकवर होता आणि गुडघा नाचत होता. लहान, भरभर, मध्येच थबकत. बाकीचे ओरेस्ते दगडासारखे बसले होते. तोंडावर काही नव्हतं. जांभई आली असती तरी शोभली असती.

नव्या चष्म्यातून त्यांनी बाजूला पाहिलं आणि ती कुठे बघते आहे ते त्यांना दिसलं. चष्मा चांगला बनला होता. त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला आणि गुडघ्यावर दाबून धरला.

"गेलं," देल्फोर म्हणाले. "काय केलंस गं? सांगितलं होतं ना, हात लावू नकोस."

यानिनाचं बोट खुणेवर होतं. थोडीशी वर सरकवली असती तर शिवणाचं मशीन सुरू झालं असतं, देल्फोर चिडले असते, आणखी महिनाभर बटाटे बसले असते. ती तशीच थांबली. देल्फोर समोर बघत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू त्या रविवारसारखा होत चालला होता, ज्या रविवारचा फोटो घरात कुठेच लावलेला नव्हता.

ओरेस्तेंनी गुडघ्यावरचा हात उचलला आणि परत स्टिअरिंगवर ठेवला.

दांडा आधी कापला, मग सीट.

"आलं," देल्फोर म्हणाले. "ओरेस्ते. जाणवतंय का तुला?"

"जाणवतंय."

"मग?"

"गिअरबॉक्स," ओरेस्ते म्हणाले.

"गिअरबॉक्स," देल्फोर म्हणाले.

लाल दिवे अजून तसेच होते. देल्फोरनी भोपळा खाली ठेवला. मान जराही न वळवता, डोळे पडद्यावरच ठेवून, त्यांनी डावा हात लांबवला. तो न चाचपडता त्या गुडघ्यावर गेला आणि त्यांनी दोन थापा मारल्या.

आरशात मागे अख्खी रांग उभी होती.