सेकंड शिफ्टचा कप्पा

मी एक लोखंडी कपाट. दोन दारं, चार कप्पे, रंग करडा. वाकडला एका काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, पँट्रीमागच्या खोलीत मी उभं आहे. इथे माझ्याशी कुणी बोलत नाही, तेव्हा म्हटलं आपणच बोलावं.

माझा जन्म भोसरीतल्या एका शेडमधला. मोटारीच्या कारखान्यातून उरलेला पत्रा कापून मला केलं. पत्रा जाड आहे, आणि मला त्याचा थोडा गर्वही आहे. उजवं दार मात्र पहिल्यापासून जरा वर उचलूनच लावावं लागतं. जोडणाऱ्याचं त्या दिवशी कामात लक्ष नव्हतं, दुसरं काय!

मला विकत घेतलं ज्योतीराम वकिलांनी. चिंचवड स्टेशनजवळ हार्डवेअरच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. अशील बहुतेक कारखान्यातले कामगार. वकील फायली नंबराप्रमाणे लावत नसत, शिफ्टप्रमाणे लावत. वरचा कप्पा फर्स्ट शिफ्टचा, मग सेकंडचा, मग नाइटचा. चौथ्यात त्यांचा काळा कोट आणि फरसाणाची बरणी. माणूस फोन कधी उचलेल, हे त्यांना कप्प्यावरून कळायचं. नोकरी गेलेल्याची फाइलही ते जुन्या शिफ्टच्या कप्प्यातच ठेवत. शिफ्ट परत मिळवायची आहे ना, मग जागा कशाला सोडायची, असं म्हणत.

जयमालाची फाइल सेकंड शिफ्टच्या कप्प्यात होती. लातूरकडची बाई. चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत तिने सहा वर्षं उभ्याने काम केलं. एकदा सुपरवायझरने कसल्याशा फॉर्मसाठी म्हणून तिची कोऱ्या कागदावर सही घेतली, आणि महिन्याभराने तोच कागद तिचा राजीनामा होऊन समोर आला. तिला भरपाई नको होती, लाइनवरची तिची जागा हवी होती. कामगार न्यायालयात चार वर्षं तारखा झाल्या. आता तिचा उलटतपास व्हायचा होता, म्हणजे कंपनीच्या वकिलाने तिला प्रश्न विचारायचे होते. सगळी केस त्यावर अडली होती.

त्याच सुमारास मुंबईची एक मोठी लॉ फर्म आमच्या गावात आली. गाव म्हटलेलं त्यांना आवडत नाही, ते मार्केट म्हणतात. त्यांना इथली कोर्टं जाणणारा माणूस हवा होता. कुलदीपसाहेब नावाचे त्यांचे भागीदार घाम पुसत आमचा जिना चढून आले आणि वकिलांना केबिन देऊ, दारावर नाव लावू म्हणाले. वकिलांचं वय एकसष्ट, गुडघे गेलेले. तीस वर्षांत त्यांना कुणी असं बोलवायला आलं नव्हतं. ते हो म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे, द्यायचा नाही असं ठरवलंय.

मग अपेक्षा नावाची फर्मची तरुण वकील लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर फतकल मारून बसली. शिफ्टची पद्धत पाहून आधी हसली, मग वैतागली. तिने फायलींना चिठ्ठ्या चिकटवल्या. हिरवी चिठ्ठी म्हणजे फाइल फर्ममध्ये जाणार. लाल म्हणजे ज्या कंपनीविरुद्ध ती केस आहे, ती कंपनी फर्मची अशील, तेव्हा फाइल ज्याची त्याला परत. जयमालाच्या फायलीला लाल चिठ्ठी लागली.

तिला बोलावून वकिलांनी नियम समजावून सांगितला. दुसरा चांगला वकील बघून देतो म्हणाले. तुझ्याविरुद्ध फर्म उभी राहणार नाही, एवढं मी साहेबांकडून कबूल करून घेतलंय, असंही म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं. फाइल पिशवीत घातली, तरी ती उठेना.

"कंपनीनं काढलं म्हणून तुमच्याकडं आले, साहेब," ती म्हणाली. "आता तुमीबी काढायलाव, तर मी कुणाकडं जाऊ?"

वकिलांनी दोन नावं कागदावर लिहून दिली. ती गेल्यावर त्यांनी माझं दार लावलं, पण उचलायचं विसरले. ते रात्रभर अर्धं उघडं राहिलं.

वकिलांबरोबर मलाही इथे आणल्यावर हिरव्या फायली स्कॅन होऊन कंप्युटरात गेल्या. माझ्यात आता कागदी कप आणि तुटके हेडफोन आहेत. आधी वाटलं, चला, ओझं उतरलं. आता रिकामं पोट फार आवाज करतं. वकील आपल्या केबिनमध्ये असतात. दारावर नाव आहे. त्यांच्याकडेही कुणी जिना चढून येत नाही, इथे लिफ्टलासुद्धा कार्ड लागतं. डबा खायला ते कधीकधी माझ्या खोलीत येतात आणि उभ्यानेच खातात. आम्ही दोघं सारखेच एकटे, पण ते मला सांगत नाहीत आणि मला त्यांना सांगता येत नाही.

गेल्या गुरुवारी अपेक्षा एक गुळगुळीत फोल्डर घेऊन आली. एवढ्या काचेच्या ऑफिसात कुलूप लागणारं मी एकटंच. वकील तेव्हा डबा खात होते. फोल्डरवर जयमालाचं नाव होतं. कंपनीने आधीचा वकील बदलून केस फर्मला दिली होती आणि कुलदीपसाहेबांना शब्द आठवला नव्हता, किंवा आठवून उपयोग नव्हता. वकिलांनी घास डब्यात परत ठेवला.

अपेक्षा मनाने वाईट नाही. तिने कामाचंच विचारलं. "सर, तुम्ही हिला ओळखता. ही उलटतपासात कुठे घाबरते?"

वकिलांनी डब्याचं झाकण लावलं.

"ती घाबरत नाही," ते म्हणाले.

तिने ते फोनमध्ये टिपून घेतलं आणि गेली. वकील खोटं बोलले. जुन्या खोलीत पाच दिवस संध्याकाळी त्यांनी जयमालाकडून सराव करून घेतला होता, माझ्यासमोर. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की तिला वाटतं आपलंच काही चुकलं, आणि ती "असंल साहेब" म्हणून मोकळी होते. हे तिला माहीत आहे, वकिलांना माहीत आहे आणि मला.

तारीख येत्या सोमवारी आहे. तिच्या बाजूने कोण उभं राहणार, इथे कुणाला ठाऊक नाही. वकील जाणार नाहीत, आणि मला तर पाय असून चालता येत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी कोर्टाकडे गेलात आणि बाहेर पिशवी छातीशी धरून बसलेली बाई दिसली, तर तिला माझा एवढा निरोप द्या: प्रश्न कितीदाही विचारू देत, जयमाला, उत्तर पहिलंच द्यायचं.