नऊ बाळांचा झगा

“तिचा हात नको गो लागायला झग्याला. राहीच्या बाळाचं सगळं नीट पार पडू दे.”

जसिंतामावशी म्हणाल्या. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या मम्मी, इस्त्री तापली का ते बघत होत्या. शनिवारची दुपार होती आणि मी इस्त्रीच्या टेबलावर पसरलेला होतो. ज्या हाताबद्दल हे चाललं होतं, तो माझ्यावर शिंपडायला पाण्याची वाटी घेऊन दारामागे थांबला होता. सुनेने, समीक्षाने, सगळं ऐकलं आणि आल्या पावली परत गेली. वाटीतलं पाणी सांडलं नाही. सांडू न देता वावरायची तिला सवयच झाली होती.

मी या घरातला बाप्तिस्म्याचा झगा. रत्नागिरीत कॅथलिक घरं तशी मोजकी, त्यामुळे माझी ओळख बऱ्याच जणांना आहे. समीक्षाचा नवरा सागर, त्याच्या आजीने स्वतःच्या लग्नाचा गाऊन कापून मला शिवलं. शिवताना सुई टोचली की ती “जेजू!” म्हणून येशूला हाक मारायची आणि पुढचा टाका घालायची. आजवर नऊ बाळांच्या अंगावर मी चढलो. सागर त्यातला सातवा, त्याची बहीण राही आठवी. सगळी रडली. पूर्वी फादरांनी डोक्यावर पाणी ओतलं की बाळ रडायचं. आता फोटोवाला “फादर, जरा थांबा” म्हणतो, तेव्हाच सुरू होतं.

बाप्तिस्मा झाला की मला धुऊन ट्रंकेत ठेवतात. डांबरगोळ्यांच्या वासात वर्षं जातात. त्याची मला तक्रार नाही.

जानेवारीत समीक्षा या घरात लग्न होऊन आली. कमी बोलायची, पण बघायची सगळं. मे महिन्यात एक दिवस मम्मींनी ट्रंक उघडली. समीक्षाला तिसरा महिना लागला होता आणि त्यांना दम निघेना. रिठ्याच्या पाण्यात त्यांनी मला स्वतः धुतलं, सावलीत वाळवलं आणि समीक्षाच्या मांडीवर ठेवलं. तिने माझ्या बाहीत बोटं घातली. दोनच मावली. ती हसली.

जूनमध्ये ते बाळ गेलं.

दवाखान्यातून आल्यावर घरच्यांनी तिला खूप जपलं. पेज दिली, मऊ उशी दिली. मिरच्या ओवाळून गॅसवर जाळल्या, सगळे ठसकले, आणि डोळे पुसून लगेच रोझरीच्या प्रार्थनेला बसले. त्या संध्याकाळी मावशींच्या गुडघ्यासाठी प्रार्थना झाली. कुवेतमधल्या भाच्याच्या नोकरीसाठी झाली. गेलेल्या बाळाचं मात्र कुणी नाव काढलं नाही. नाव नव्हतंच म्हणा.

“झगा फार लवकर काढला,” मावशी तेव्हा एकदाच म्हणाल्या होत्या. मम्मींनी मला लगेच पुन्हा ट्रंकेत ठेवलं. काढला कुणी, हे त्यांना ठाऊक होतं. ते ओझं त्यांना पेललं नाही. पुढे हळूहळू दोष झग्यावरून सरकला आणि सुनेच्या हातावर जाऊन बसला. माणसं असं मुद्दाम करत नाहीत, पण करतात.

मग राहीला मुलगी झाली. बाप्तिस्मा माहेरीच करायचा ठरला आणि तिने कोल्हापूरहून फोन केला. “वहिनी, मादरीन तूच व्हायचंस. दुसरी कोणी मला चालणार नाही.” मादरीन म्हणजे धर्ममाता. वेदीपुढे बाळाला धरायचं, त्याच्या वतीने फादरांना उत्तरं द्यायची, आणि पाणी घातल्यावर त्याच्या अंगात मला चढवायचं. किती महिन्यांनी समीक्षा मोठ्याने “होय” म्हणाली! माझी उसवलेली लेस तिने बारीक टाक्यांनी शिवली. भांडी घासताना ती उत्तरं पाठ करायची. “सैतानाचा त्याग करता का?” “आम्ही करतो.” “देवावर विश्वास ठेवता का?” इथे ती दर वेळी जरा थांबायची. मग म्हणायची, “ठेवतो.”

आणि शनिवारी तिने ते ऐकलं.

रविवारी सकाळी रिक्षा दारात येऊन उभी होती, तरी सागर फोनवर रिक्षावाल्याला विचारत होता, कुठे पोचलास. राही बाळाला पाजत होती. मम्मींनी मला टेबलावरून उचललं आणि जसिंतामावशींच्या हातात दिलं.

“समीक्षा, तू चर्चमध्ये मागच्या बाकावर बस हां. अजून अशक्त आहेस. मावशी धरेल बाळाला.”

“होय गो, जिवाला जप आधी,” मावशी म्हणाल्या. त्यांनी नवी साडी नेसली होती. म्हणजे हे कालच ठरलं होतं.

राहीने मान वर केली. “मम्मी, हे काय नवीन?”

मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, बायांनो, मी एक जुनं सॅटिन. मला अशुभ काही लागत नाही. लागतं ते फादरांच्या बोटाचं तेल, बाळाची लाळ आणि आयांच्या डोळ्यांतलं पाणी, आणि तेही धुतलं की जातं. उद्या विरलो तर माझं पायपुसणं करा, पण मला पुढे करून कुणाला मागच्या बाकावर बसवू नका.

समीक्षा मावशींसमोर आली. दोन्ही हात पुढे केले. ते तिने मागे घेतले नाहीत. मावशींनी मला छातीशी धरून ठेवलं. समीक्षाने त्यांच्याकडे बघितलंच नाही, ती मम्मींकडे बघत होती. या घरात आल्यापासून एवढ्या मोठ्या आवाजात ती पहिल्यांदाच बोलली.

“मम्मी, माझं बाळ देवाकडे आहे, असं दवाखान्यात तुम्हीच मला सांगितलंत. मग त्याच्या आईच्या हाताला तुम्ही का भिता?”