दोन हजार शर्टांची ओढ

मी बोलतेय ती एक रबराची पट्टी. वर लाकडी मूठ, खाली हिरवट रबर, लांबीला वीतभराहून थोडी जास्त. कापडावर छपाई करणारे लोक मला स्क्विजी म्हणतात. तुमच्या अंगातल्या शर्टावर छातीशी एखादं चित्र किंवा नाव छापलेलं असेल, तर ते माझ्यासारख्याच कुणीतरी तिथं बसवलेलं असतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. लाकडी चौकटीत बारीक जाळी ताणलेली असते. जाळीवर चित्राएवढीच जागा उघडी ठेवलेली असते, बाकीची बंद. खाली शर्ट, वर जाळी, जाळीवर शाई. मग मला दोन्ही हातांनी धरायचं, तिरकं करायचं आणि अंगाशी ओढायचं. शाई जाळीतून उतरते आणि शर्टावर चित्र उमटतं. या एका खेपेला आमच्याकडे 'ओढ' म्हणतात. आज किती शर्ट झाले असं कुणी विचारत नाही. आज किती ओढी झाल्या असं विचारतात.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. त्याने मूठ रंध्याने गुळगुळीत केली, खाचेत रबर ठोकून बसवलं आणि मला इतर वीस जणींबरोबर पोत्यात भरलं. त्या वीस जणींचं पुढं काय झालं मला माहीत नाही. माझ्या नशिबी दोन मालक आले. पहिल्याने घाई केली. दुसऱ्याने इतका उशीर लावला की माझ्याच जिवाला घोर लागला.

पहिला मालक हौशी माणूस होता. एका प्रदर्शनात त्याने आपोआप छापणारं मशीन पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांपुढून ते हलेना. महिन्याभरात ते दारात आलं. मोठं, गोल, दहा हातांचं. मला वाटलं, संपलं आपलं. पण त्याच्याकडे येणाऱ्या ऑर्डरी असायच्या पंधरा शर्टांच्या, वीस शर्टांच्या. मशीनवर जाळ्या बसवा, रंग जुळवा, दाब ठरवा, यात तास जायचा. तेवढ्यात माझ्याकडून वीस शर्ट ओढून, वाळवून, घड्या घालून झाले असते. शेवटी तो माणूस मशीनकडे पाठ करून पुन्हा हातानेच छापायला लागला, तेही चोरासारखा, दार लोटून. मशीनवर आधी चादर आली, मग धूळ. मग एक दिवस दुकानालाच कुलूप लागलं.

तेव्हा मी एका बादलीत उलटी पडून होते. रबरावर शाई वाळून दगड झाली होती.

जुन्या चौकटी विकत घ्यायला तिथं एक गृहस्थ आले. त्यांनी चौकटी निवडल्या, बादलीत डोकावले, मला उचललं आणि म्हणाले, "हिची काय दशा केलीय!" चौकटींबरोबर मी फुकटात गेले. जाता जाता त्यांनी चादरीचा कोपरा उचलून ते मशीन पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा मी विसरले नाही, आणि तेही ते मशीन विसरले नाहीत.

हे माझे दुसरे मालक. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शाळेचे नव्हेत, छपाईचे. त्यांनी माझ्यावरची शाई खरवडली, सरळ फळीवर पॉलिशपेपर चिकटवला आणि माझी बोथट झालेली धार त्यावर घासून पुन्हा काढली. तासभर घासत होते. मला तर नवा जन्म मिळाल्यासारखं झालं.

मास्तरांचं दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी, मास्तर आणि हाताने फिरवायचं, शर्ट चढवायच्या चार पाटांचं यंत्र. मागच्या खोलीत मास्तरांची बायको जाळ्या तयार करायची. जाळीवर लेप लावणं, उजेड देऊन तो घट्ट करणं, पाण्याच्या फवाऱ्याने चित्र उघडं करणं, हे सगळं तिचं. मास्तरांची बायको म्हणून ती मास्तरीण. बोलायला तिखट, पण जाळी अशी करायची की एक ठिपका इकडचा तिकडे नाही. तिसरा होता तिचा धाकटा भाऊ. तो छापलेले शर्ट उचलून वाळवणीच्या गरम पट्ट्यावर टाकायचा. त्याला सगळ्यातच घाई, म्हणून त्याचं नाव पडलं घाईसाहेब.

"दाजी, मशीन घेऊन टाकू," घाईसाहेब दर आठवड्याला म्हणायचा.

"घेऊन टाकू म्हणतोस, टाकायला जागा कुठंय?" मास्तर.

"ही भिंत पाडू."

"भिंत पाड, पण वाळवणार कुठे ते सांग," आतून मास्तरीण ओरडायची. "मशीन तासाला चारशे ओले शर्ट बाहेर फेकेल. आपल्या पट्ट्यावर शंभर वाळतात. उरलेले काय तुझ्या टकलावर वाळत घालू?"

घाईसाहेब टोपी सारखी करायचा आणि मास्तर हसून म्हणायचे, "बघू."

या 'बघू'शी माझी चांगलीच ओळख झाली. तुम्हाला तो शब्द ठाऊकच आहे. नाही म्हणायचं जिवावर येतं आणि हो म्हणायची छाती होत नाही, तेव्हा माणसं बघू म्हणतात. मास्तर तो मशीनबद्दल म्हणायचे. पुढेपुढे गिऱ्हाइकांनाही म्हणायला लागले. कुणी पाचशे शर्ट घेऊन आलं की मास्तर माझ्याकडे बघायचे, आपल्या मनगटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "एवढे, एवढ्या दिवसांत? बघू." गिऱ्हाईक शहाणं असायचं. ते पुन्हा दिसायचं नाही.

मास्तरांपुढे प्रश्न एकच होता. मशीन घ्यायचं हे त्यांनाही कळत होतं. पण केव्हा? आधी घेतलं तर पहिल्या मालकासारखं कुलूप. फार थांबलं तर गिऱ्हाइकंच उरणार नाहीत, मग मशीन असून काय आणि नसून काय. दोन खोल्या, तीन माणसांचं पोट आणि पंचवीस वर्षांचं नाव, सगळं त्या 'केव्हा'वर टांगलेलं होतं. आणि मास्तर बघू म्हणत होते.

एके सकाळी मास्तरीण खडू घेऊन आली. कपाटाचं दार उघडून तिने आतल्या बाजूला एक रेघ मारली आणि दार लावलं. मला खुंटीवरून सगळं दिसत होतं. काही दिवसांनी दुसरी रेघ. मग माझ्या लक्षात आलं. एकाच चित्राचे तीनशेच्या वर शर्ट मागणाऱ्याला मास्तरांनी बघू म्हटलं, की एक रेघ. वीस-तीस शर्टांना रेघ नाही. पहिल्या महिन्यात दोन रेघा, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात अकरा.

तिसरा महिना संपला त्या दिवशी तिने मास्तरांना कपाटापुढे उभं केलं.

"अहो, या रेघा कसल्या सांगा."

"पालींचा हिशेब?"

"तुमच्या बघूंचा."

मास्तरांच्या कपाळावर आठ्या आल्या. "तू माझे शब्द मोजतेस होय?"

"शब्द नाही, परत गेलेली माणसं मोजते. या महिन्यातली ही अकरा परत गेली नसती, तर मशीन आठवड्यातले तीन दिवस तरी चाललं असतं. उरलेले तीन दिवस झोपू दे बिचारं. पण ज्याच्या चौकटी तुम्ही आणल्यात, त्या माणसाच्या दुकानात ते सहाही दिवस झोपून होतं. हा फरक आहे."

मी आनंदाने खुंटीवरून पडायचीच राहिले. त्या दुकानात मी स्वतः राहून जे शिकले, ते हिने खडूच्या एका तुकड्याने ओळखलं होतं!

पण मास्तरांच्या मानाला ते लागलं. "माझा हात अजून थकलेला नाही," ते म्हणाले. "दाखवतोच."

आणि दुसऱ्याच दिवशी शाळेच्या खेळाच्या बाई आल्या. सहाशे मुलांची धावण्याची शर्यत, निळ्या शर्टावर पांढरं चित्र, तीन दिवसांत हवं. मास्तर छाती काढून म्हणाले, "देतो!"

रोज दोनशे शर्ट. पांढऱ्या शाईची ओढ सगळ्यात जड. निळं कापड तिला गिळून टाकतं, म्हणून दाबून ओढावं लागतं. सकाळी मास्तरांचा हात माझ्यावर हत्तीच्या पायासारखा पडायचा. दुपार कलली की तो हलका व्हायचा. मला ते कळत होतं. पण मास्तरांना कळत नव्हतं, कारण ते प्रत्येक शर्ट त्याच्या आधीच्या शर्टाशी ताडून बघत होते, आणि त्या दोघांत फरक नव्हताच. एकशे ऐंशीवा शर्ट एकशे एकोणऐंशीव्यासारखाच होता. पहिल्याशी त्याची गाठ कुणी घालून दिलीच नाही. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

माल वेळेवर गेला. मास्तर दोन दिवस मिशीला पीळ देत होते. तिसऱ्या दिवशी बाई आल्या आणि त्यांनी टेबलावर दोन शर्ट ठेवले. एकावर चित्र दुधासारखं पांढरं. दुसऱ्यावर ताकात पाणी घातल्यासारखं.

"मास्तर, दोन्ही तुमचेच ना?"

मास्तरांनी दोन्ही शर्ट जवळ ओढले.

"तुमच्याशी भांडायला नाही आले. तुम्ही वेळ पाळलीत. पण मागच्या रांगेतली मुलं मला विचारत होती, बाई, आम्हाला गेल्या वर्षीचे शर्ट दिलेत का? मला काय उत्तर द्यावं कळेना, म्हणून तुम्हालाच विचारायला आले."

मास्तरांनी तो फिका शर्ट उचलला, उजेडात धरला आणि खाली मान घातली. गिऱ्हाइकं परत गेल्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं. आपल्या हातामुळे कुणा मुलाला जुना शर्ट घातल्यासारखं वाटावं, हे त्यांना सोसेना. "बाई, सगळे फिके शर्ट परत आणा," ते म्हणाले. "नवे छापून देतो. रोज फक्त सकाळीच."

नव्वद शर्ट निघाले. रोज सकाळी तीस, हात ताजा असताना. शेवटचा झाला तेव्हा मास्तरांनी मला धुऊन पुसलं, खुंटीला लावलं, कपाट उघडलं आणि आतल्या रेघा पुन्हा एकदा मोजल्या.

"अगं," त्यांनी मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "आधी वाळवणीचा मोठा पट्टा घेऊ. मग भिंत. मग मशीन."

आतला पाण्याचा फवारा बंद झाला. "काय म्हणालात?"

"म्हणालो, घेऊ!"

घाईसाहेबाने उडी मारली ती शाईच्या डब्यातच. पांढरी पावलं दोन दिवस दुकानभर दिसत होती.

मास्तरीण मात्र हुरळली नाही. मशीन यायच्या आधी तिने भावाला ते बनवणाऱ्यांकडे आठ दिवस शिकायला पाठवलं. "एकटं तुझं घाईचं डोकं नको, हातही शिकून येऊ देत." मोठा पट्टा आला, भिंत गेली, विजेची नवी तार आली. सगळं तयार झाल्यावर मशीन आलं, आणि ते पाहून माझ्या रबरात धडकी भरली. सहा हात, आणि त्यांत लोखंडी पकडीत बसलेल्या लांबलचक पट्ट्या. माझ्याच जातीच्या, पण थंड.

पहिल्या दिवशी त्या पट्ट्यांनी काय छापलं म्हणता? डाग! कडा फुटलेल्या, शाई थापलेली. घाईसाहेबाने दाब वाढवला, आणखी बिघडलं. मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला, "होईल हळूहळू," आणि निघून गेला.

मास्तरांनी हाताची घडी घालून तासभर पाहिलं. मग ते खुंटीजवळ आले आणि त्यांनी मला काढलं.

त्यांनी माझ्यावर एक ओढ घेतली, शांतपणे, नेहमीसारखी. तो शर्ट त्यांनी मशीनशेजारी लटकवला. मग मला जाळीवर जशीच्या तशी धरून ठेवली आणि म्हणाले, "घाईसाहेब, हा तिरकेपणा बघ. मशीनची पट्टी उभी आहे. वाकव." घाईसाहेबाने वाकवली. "आता दाब कमी. अजून कमी. पोरा, शाई ढकलायची नसते, उतरू द्यायची असते." एक शर्ट, दुसरा, सातवा. बाराव्या शर्टाला मास्तरीण पुढे आली, तिने तो माझ्या शर्टाशेजारी धरला आणि म्हणाली, "जमलं!"

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मी त्या सहा हातांची गुरू झाले. एवढं मोठं धूड, आणि ओढायला शिकलं ते माझ्याकडून.

मग खेळाच्या बाई परत आल्या. आता पाच शाळांची मिळून शर्यत होती. दोन हजार शर्ट, निळ्यावर पांढरं, सहा दिवसांत. मास्तरांनी मनगटाकडे पाहिलंच नाही. "चौथ्या दिवशी घेऊन जा," ते म्हणाले.

मशीन फिरायला लागलं. घाईसाहेब शर्ट चढवत होता, मास्तरीण उतरवत होती, मोठा पट्टा गरम शर्ट ओकत होता, आणि मास्तर चहूकडे फिरत दर पन्नासाव्या शर्टाला सकाळच्या पहिल्या शर्टाशी ताडून बघत होते. ही नवी रीत त्यांनी स्वतःच पाडली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच दोन हजार झाले.

मास्तरिणीने दोन शर्ट टेबलावर पसरले. "सांगा. यातला पहिला कुठला, शेवटचा कुठला?"

मास्तरांनी चष्मा लावला. उजेडात धरलं, बोट फिरवलं, ताणून पाहिलं. ज्या माणसाला माझी एकेक ओढ पाठ, तो माणूस पाच मिनिटं घाम पुसत होता. "हा पहिला," ते शेवटी म्हणाले.

"चुकलात!" मास्तरीण टाळ्या पिटत म्हणाली.

आणि मास्तर हसले. खुर्चीत बसून, मांडीवर थाप मारत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इतक्या वर्षांत चुकून एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता. शर्यतीच्या दिवशी बाईंनी निरोप धाडला, की पाचही शाळांची मुलं मैदानात उतरली तेव्हा कुणी कुणाचा शर्ट बघत नव्हतं, सगळे पुढे बघत होते.

आज माझी मूठ काळवंडली आहे, मधोमध मास्तरांच्या अंगठ्याएवढा खळगा पडला आहे. रबर तिसऱ्यांदा बदललं. पण मी अडगळीत नाही, बरं का. नव्या चित्राचा पहिला नमुना माझ्यावरच निघतो, आणि मशीन त्याला गाठतं. माझं ऐकाल तर एवढंच करा. मोठं यंत्र आणाल तेव्हा आधी आपल्या हाताचं हत्यार धुऊन, पुसून, धार लावून ठेवा. यंत्राला काय शिकवायचं ते त्या हत्यारालाच ठाऊक असतं.

आत्ताच वाचनालयातून एक गृहस्थ आलेत. बारा शर्ट हवेत म्हणे. घाईसाहेब मशीनकडे धावलाय, आणि मास्तर ओरडतायत, "अरे, बाराला कसला तास घालवतोस? काढ तिला खुंटीवरून!"

शाई घोटून झाली. अंगठा खळग्यात बसला. चला, मला ओढ आहे.