रेमंडने दोर सोडला

चंदनसारच्या नव्या टॉवरवरून दोराने खाली उतरायचं आणि जो उतरेल त्याच्या नावाने लोकांनी हेलिकॉप्टर अँब्युलन्सच्या निधीला पैसे द्यायचे, असा तो कार्यक्रम. आमच्या पाचूबंदरातून नाव कुणी दिलं? माझ्या नवऱ्याने. वय साठीला आलेलं, गुडघे कुरकुरतात, आणि हौस बघा!

चर्चमधली मिस्सा आटोपून घरी येताना त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी तोंडाला येईल ते बोलले. "हेलिकॉप्टर उतरनार कुठं? माझ्या बोंबील सुकवायच्या वलांडीवर?" रेमंड हसला नाही, चिडलाही नाही. आमचा गॉडफ्रे गेल्यापासून त्याने दोन्ही सोडलं होतं. बोटीवर डोक्याला मार लागलेल्या आमच्या पोराला मुंबईला नेताना अँब्युलन्स हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि पोर वाटेतच गेलं. घरचं माणूस म्हणून आत फक्त रेमंड होता. तिथे काय झालं, हे त्याने मला कधी सांगितलं नाही. मी विचारायची आणि तो उठून बंदरावर निघून जायचा. पोरगा गेला, आता नवराही हातचा जातोय, ही भीती मला धड जेवू देत नव्हती.

रविवारी टॉवरखाली ही गर्दी. स्वप्ना नावाची मुलगी सगळ्यांना उतरायचं शिकवत होती. "काका, उजव्या हाताने खालचा दोर थोडा थोडा सैल सोडायचा. घट्ट धरलात तर जागीच लटकाल."

रेमंडने मान हलवली. मला हसू आलं. बोट चालवणाऱ्या तांडेलाला दोर शिकवते ही पोर! मग ती त्याला घेऊन गच्चीवर गेली.

रेमंड भिंतीवर पाय रोवत उतरू लागला आणि निम्म्यावर आल्यावर थांबला. थांबला तो थांबलाच. दोन्ही मुठी दोरावर आवळलेल्या. आमच्याकडे पोर पहिल्यांदा बोटीवर चढतं तेव्हा त्याला हेच बजावतात, हात सोलवटले तरी चालतील, दोर सोडायचा नाही. दोर गेला की जाळं गेलं. रेमंडचा जन्म त्यात गेलेला. ते हात आता ऐकतात कुठले?

स्वप्ना वरून समजावून दमली. "वर ओढून घेऊ का, काका?" रेमंडने मान हलवून नाही म्हटलं. वरही नाही, खालीही नाही. लोक टाळ्या वाजवायला लागले तशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस अडकलाय आणि टाळ्या कसल्या पिटता?

निवेदन करणाऱ्या एडवर्डच्या हातातला माईक मी हिसकावून घेतला. चांगला झापणार होते मी नवऱ्याला. पण तोंडून भलतंच आलं. "गॉडफ्रेच्या बापसा!"

पोरगा गेल्यापासून ही हाक मी मारली नव्हती. रेमंडने खाली पाहिलं.

"जाळं नाय त्याला," मी म्हटलं. "सैल कर जरासा. काय जानार नाय. मी हाय ना खाली."

बराच वेळ काही झालं नाही. मग उजवी मूठ किंचित ढिली झाली आणि तो हातभर खाली आला. पुन्हा थांबला, पुन्हा आला. लोक कंटाळून वडापावच्या गाडीकडे पांगले. मी जागची हलले नाही.

जमिनीवर पाय टेकले, पट्टे सोडवले, तरी दोर त्याच्या मुठीतच होता. एक स्वयंसेवक दोर घ्यायला पुढे आला, त्याला मी हाताने थोपवलं. रेमंडची मूठ हातात घेतली आणि एकेक बोट उघडलं. तळवा लालबुंद झाला होता. तो तिथेच मातीत बसला आणि डोक्यावरच्या हेल्मेटसकट हमसून रडायला लागला.

"त्याचा हात मी सोडला नाय, ॲनी," तो म्हणाला. "गाडी हलतच नव्हती. नर्स बोलली, काका, आता सोडा. मी नाय सोडला. लय घट धरलेला गं. तरी गेला."